घरच्या लॅपटॉपवर वेबसाइटची पहिली मांडामांड

वेबसाइट बनवायला शिकणारा बहुतेक वेळा पहिल्याच संध्याकाळी सगळं एकदम टाकून बसतो. कोड लिहायचा एडिटर, लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं झॅम्प, जावास्क्रिप्टसाठी नोड, बदलांची नोंद ठेवणारं गिट, शिवाय कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेलं डॉकर. रात्री अकराला काहीतरी अडतं आणि पाचांपैकी नेमकं कोण अडवतंय ते कळायला मार्ग उरत नाही. इथला क्रम मुद्दाम संथ ठेवला आहे. एक गोष्ट टाकायची, ती चालते हे ब्राउझरमध्ये डोळ्यांनी बघायचं, मगच पुढची. लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ चा धरला आहे.

सरावाला एक छोटं पण खरं वाटेल असं काम हवं. पुण्यात सदाशिव पेठेत, नव्या पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी मेस चालतात. तशा एखाद्या मेसचं ‘आजचा बेत’ हे पान करू : आजची तारीख, दुपारची भाजी, डब्याचा भाव. दिसायला किरकोळ आहे, पण त्यात तारीख आहे, मराठी मजकूर आहे, आकडे आहेत आणि रोज बदलणारी माहिती साठवायची आहे. नवशिक्यांची फजिती होते ती याच चार ठिकाणी.

वाचताना एक लक्षात ठेवा. फाइलींची नावं, बटणांची नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत करायच्या, आकडेसुद्धा इंग्रजीच. फाइल आणि फोल्डरची नावं कायम लहान लिपीत, मधे मोकळी जागा न सोडता. विंडोजला लहान-मोठ्या लिपीचा फरक कळत नाही, पण पुढे साइट ज्या लिनक्स सर्व्हरवर जाईल त्याला कळतो. घरी दिसणारं चित्र तिथे गायब होतं ते यामुळेच.

लॅपटॉप पुरेल का

८ जीबी रॅम असेल तर प्रश्नच नाही. ४ जीबीवरही एडिटर, झॅम्प आणि क्रोमच्या चार-पाच टॅब निभावतात. डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी असेल तर रॅमच्या आधी एसएसडी बसवा, फरक जास्त जाणवतो. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, रॅम घ्यायला जाण्यापूर्वी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडून त्या पानाचा फोटो काढून न्या. रॅमचा वेग आणि किती खाचांपैकी किती भरल्यात हे त्यावर असतं. डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही आणि लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपपेक्षा आखूड असते. काउंटरवर नुसतं ‘८ जीबी द्या’ म्हटलं की दुसरी फेरी ठरलेली.

सी ड्राइव्हवर ५ जीबी जागा मोकळी ठेवा. डाउनलोड एकदाच करायचे आहेत, त्यानंतर नेट नसलं तरी काम चालतं. झॅम्पचा इन्स्टॉलर साधारण १५० एमबीचा आहे.

काही टाकण्याआधी फाइल एक्सप्लोररमध्ये एक बदल करा. विंडोज ११ मध्ये व्ह्यू, शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’वर खूण करा. १० मध्ये ती चौकट व्ह्यूच्या पट्टीतच आहे. ही खूण नसेल तर नोटपॅडने ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ अशी फाइल बनवलेली असते, तुम्हाला दिसते ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’, आणि ब्राउझर पानाऐवजी कोडच दाखवत बसतो. आणखी एक : काम डेस्कटॉपवर ठेवू नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असतो आणि तुम्ही फाइल बदलत असताना तो तिची नक्कल वर चढवत राहतो.

एडिटर आणि पहिलं पान

व्हीएस कोड घ्या. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये आणला, फुकट आहे, आणि कुठे अडलं तर मदत सगळ्यात जास्त त्याचीच सापडते. व्हिज्युअल स्टुडिओ हे नाव सारखं असलं तरी ते वेगळं आणि कितीतरी मोठं सॉफ्टवेअर आहे, ते नको. डाउनलोड मूळ साइटवरूनच करा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींतलं मोठं हिरवं बटण बहुधा दुसरंच काहीतरी गळ्यात मारतं. इन्स्टॉल करताना ‘ॲड टू पाथ’ आणि ‘ओपन विथ कोड’च्या दोन्ही चौकटींवर खूण करा.

आता सी ड्राइव्हवर ‘काम’ आणि त्यात ‘मेस’ असे फोल्डर करा. ‘मेस’वर उजवं क्लिक करून ‘ओपन विथ कोड’. सुटी फाइल न उघडता फोल्डर उघडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण पुढची सगळी साधनं फोल्डरच्या हिशोबाने चालतात. नवी फाइल करा, इंडेक्स डॉट एचटीएमएल. रिकाम्या फाइलीत उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा, एचटीएमएलचा, म्हणजे पान मांडायच्या भाषेचा, सगळा सांगाडा आपोआप येईल. त्यात भाषेच्या जागी ‘ईएन’ असतं, ते ‘एमआर’ करा. टायटलमध्ये आणि बॉडीमध्ये ‘आजचा बेत’ लिहा, कंट्रोल आणि एस दाबा, मग एक्सप्लोररमधून फाइलवर डबल क्लिक.

पान दिसलं? पुढे चला. बदल केला तरी जुनंच दिसत असेल तर एडिटरच्या टॅबवर नावाशेजारी पांढरा ठिपका आहे का बघा. तो असेल तर फाइल सेव्हच झालेली नाही. नवशिक्यांचे निम्मे ‘बदल दिसत नाहीत’ इथेच मिटतात, उरलेले कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबल्यावर. ब्राउझरने जपून ठेवलेली जुनी प्रत त्याने बाजूला पडते.

मराठी अक्षरं

इंग्रजीतले धडे हा भाग सोडून देतात, कारण त्यांना याची गरजच पडत नाही.

कीबोर्डपासून सुरुवात. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही. विंडोज आणि स्पेस दाबून अदलाबदल करता येते. मजकूर मराठीत लिहून झाला आणि कीबोर्ड बदलायचा राहिला की पुढची कोडची ओळ देवनागरीत उमटते. ते निदान दिसतं तरी. घात होतो तो देवनागरी आकड्यांनी आणि सारख्या दिसणाऱ्या विरामचिन्हांनी. चूक सापडत नसेल तेव्हा ती ओळ पुसून इंग्रजी कीबोर्डवर पुन्हा टाइप करा.

दुसरी गोष्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची रीत. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे ‘यूटीएफ-८’ दिसायला हवं. ‘विथ बीओएम’ अशी शेपटी असेल तर त्यावर क्लिक करून साधं यूटीएफ-८ निवडून पुन्हा सेव्ह करा. बीओएम म्हणजे फाइलीच्या सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा, पुढे येईल) तेच आधी ब्राउझरकडे पाठवून देतं आणि नंतर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ म्हणून कुरकुरतं. सांगाड्यातली ‘मेटा कॅरसेट’ची ओळ पानाच्या अगदी वर, पहिल्या १०२४ बाइटच्या आत असली पाहिजे. म्हणून तिच्या आधी लांबलचक टिपा लिहू नका.

ही ओळ नसली की काय होतं ते ओळखू यावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्या तिघांतला पहिला बाइट सगळ्या देवनागरी चिन्हांसाठी एकच असतो. ब्राउझरने एन्कोडिंग चुकीचं धरलं की तो बाइट डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या लॅटिन ‘ए’सारखा दिसतो. पानभर दर दोन-तीन चिन्हांमागे तोच ‘ए’ दिसला तर समजा, मजकूर शाबूत आहे, फक्त वाचायची रीत चुकली आहे. प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसल्या तर प्रकरण गंभीर आहे. त्याबद्दल डेटाबेसपाशी बोलू.

आणि अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याने दिलेला मजकूर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला आला, तर एन्कोडिंगमध्ये कितीही खटपट करून उपयोग नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा तशा जुन्या फाँटमध्ये तो टाइप केलेला असतो. तिथे साठवलेली असतात इंग्रजी चिन्हं, मराठी दिसते ती फाँटची करामत. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्या’ डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर अडखळतात ते तिथेच.

‘एमआर’ का करायला सांगितलं तेही सांगतो. मराठीतल्या ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीतल्यापेक्षा वेगळं आहे. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं आहेत, तो भाषा बघून मराठी वळण देतो. ओळींमधलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

झॅम्प

रोज बदलणारा बेत दाखवायचा तर सर्व्हरवर चालणारी भाषा आणि माहिती साठवायला डेटाबेस लागतो. झॅम्प अपाचे हा सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस एकत्र बसवून देतं. पॅनेलवर मात्र मारियाडीबीच्या जागी ‘मायएसक्यूएल’ लिहिलेलं असतं. २००९ मध्ये मायएसक्यूएलमधूनच मारियाडीबीची वेगळी शाखा निघाली, त्यामुळे शिकण्यापुरते दोन्ही एकच धरले तरी बिघडत नाही. तयार साइटसाठी झॅम्प नाही, शिकण्यासाठी उत्तम आहे.

अपाचे फ्रेंड्सच्या साइटवरून विंडोजचा इन्स्टॉलर घ्या. डाउनलोड सोर्सफोर्जवर गेला तर बिचकू नका, ते बरोबर आहे. सुरुवातीलाच यूएसीचा, म्हणजे विंडोजच्या परवानगी विचारणाऱ्या व्यवस्थेचा, इशारा येतो. त्याचा अर्थ एवढाच की ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका, तिथे लिहायची परवानगी विंडोज सहजी देत नाही. सुचवलेला सी ड्राइव्हवरचा ‘झॅम्प’ फोल्डर तसाच राहू द्या. घटकांच्या यादीत अपाचे, मायएसक्यूएल, पीएचपी आणि ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं पीएचपीमायॲडमिन एवढे पुरेत. फाइलझिला, मर्क्युरी आणि टॉमकॅट यांवरच्या खुणा काढा.

फायरवॉल विचारेल तेव्हा ‘प्रायव्हेट’ला होकार द्या, ‘पब्लिक’ला नाही. झॅम्पच्या डेटाबेसचा मुख्य वापरकर्ता ‘रूट’ असतो आणि त्याचा पासवर्ड कोरा. पीजीच्या किंवा कॉफी शॉपच्या वायफायवर असा दरवाजा उघडा टाकून बसू नये.

कंट्रोल पॅनेल उजव्या क्लिकने ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा, नाहीतर बंद करताना सेटिंगची फाइल लिहिता येत नाही म्हणून तक्रार येते. अपाचेसमोरचं स्टार्ट दाबा. नाव हिरवं झालं आणि शेजारी ८० व ४४३ हे आकडे आले की ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाइप करा. झॅम्पचं स्वागताचं पान आलं पाहिजे. आता तेवढंच. मायएसक्यूएल नंतर.

अपाचे हिरवा होत नाही

लोकलहोस्ट म्हणजे हाच संगणक, आकड्यांत १२७.०.०.१. पोर्टचं जुन्या वाड्यासारखं आहे : घर नंबर एकच, आत बिऱ्हाडांच्या खोल्या वेगळ्या. अपाचे ८० नंबरच्या खोलीत राहायला येतो. तिथे आधीच कोणी असेल तर तो लाल होऊन बाहेर पडतो. म्हणून आधी आत कोण आहे ते बघा. पॅनेलवरचं नेटस्टॅट बटण दाबलं की पोर्ट आणि त्यावर बसलेला प्रोग्राम यांची यादी येते.

८० वर ‘सिस्टीम’ आणि क्रमांक ४ दिसला तर बहुधा विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर चालू आहे. ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ थांबवा आणि तिचा प्रकार ऑटोमॅटिकचा मॅन्युअल करा. ४४३ वर व्हीएमवेअर, म्हणजे संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, असू शकतं. ज्याची गरज नाही ते सरळ बंद करावं हे उत्तम. ते जमण्यासारखं नसेल, म्हणजे लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर खोली बदला.

अपाचेच्या ओळीतलं कॉन्फिग, त्यातली एचटीटीपीडी डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. ‘लिसन ८०’ शोधून तिथे ८०८१ करा आणि ‘सर्व्हरनेम लोकलहोस्ट’च्या पुढचा ८० सुद्धा. सगळीकडे ८०८० सुचवलेलं सापडतं, पण जावाच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेलं टॉमकॅट नेमकं ८०८० वरच बसतं. ४४३ अडत असेल तर एचटीटीपीडी-एसएसएल डॉट कॉन्फमध्ये तो ४४३३ करा. मग पॅनेलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हिस अँड पोर्ट सेटिंग्ज’ मध्ये हेच आकडे भरा, नाहीतर अपाचे चालू होऊनही पॅनेल जुनीच तक्रार करत राहतं. यापुढे पत्ता ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम, ८०८१. मधे मोकळी जागा नको.

मायएसक्यूएलचं दुखणं वेगळं. कॉलेजच्या डीबीएमएस प्रॅक्टिकलसाठी मायएसक्यूएल आधीच टाकलेलं असेल तर ते ‘मायएसक्यूएल८०’ नावाने विंडोजबरोबरच सुरू होतं आणि ३३०६ अडवून बसतं. इथे पोर्ट बदलू नका. बदललं की पीएचपीमायॲडमिनच्या सेटिंगमध्ये आणि तुमच्या प्रत्येक कोडमध्ये तो आकडा द्यावा लागेल. सर्व्हिसेसमध्ये ते मॅन्युअलवर ठेवा आणि प्रॅक्टिकलच्या वेळी हाताने चालू करा.

पीएचपी आणि चुकणारं घड्याळ

‘मेस’ फोल्डर उचलून झॅम्पमधल्या ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये टाका आणि इंडेक्स डॉट एचटीएमएलचं नाव इंडेक्स डॉट पीएचपी करा. आता डबल क्लिक करून चालणार नाही. ब्राउझरला पीएचपी कळत नाही. अपाचे ती फाइल पीएचपीकडून चालवून घेतो आणि तयार झालेलं एचटीएमएल तेवढं ब्राउझरला देतो. म्हणून पत्ता ‘लोकलहोस्ट’, तिरकी रेघ, ‘मेस’ असाच टाइप करायचा. पानात कोड जसाच्या तसा दिसत असेल तर ॲड्रेस बारची सुरुवात बघा. तिथे ‘फाइल’ असं असेल तर तुम्ही मागच्या दाराने आलात.

पीएचपीची तारीख छापणारी ‘एको डेट’ ही ओळ लिहा. कंसात एकेरी अवतरणात डी, आडवी रेघ, एम, आडवी रेघ आणि मोठ्या लिपीतला वाय. छोटा वाय दिला तर वर्षाचे शेवटचे दोनच आकडे येतात. पान ताजं करा, आजची तारीख येईल. वेळही छापून बघा, कारण ती बहुधा चुकलेली निघेल.

झॅम्पची सुरुवात जर्मनीत झाली आणि त्याच्या पीएचपी डॉट आयएनआय फाइलीत टाइमझोन बहुतेक वेळा ‘युरोप/बर्लिन’ असतो. बर्लिन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. दिवसा तारीख बरोबरच दिसते, म्हणून चूक लपून राहते. रात्री बारानंतर मात्र मेसच्या पानावर कालचाच बेत लागलेला असतो. अपाचेच्या कॉन्फिगमधून ती फाइल उघडा, ‘डेट डॉट टाइमझोन’ शोधा. ही ओळ फाइलीत एकाहून जास्त ठिकाणी असू शकते. जिच्या सुरुवातीला अर्धविराम आहे ती निजलेली, तिच्याकडे लक्ष देऊ नका. जागी असलेली ‘एशिया/कोलकाता’ करा. अपाचे स्टॉप करून पुन्हा स्टार्ट करा. आयएनआय फाइल फक्त सुरू होताना वाचली जाते.

‘पार्स एरर’ आली की सांगितलेल्या ओळीआधीची ओळ तपासा. शेवटचा अर्धविराम तिथेच राहिलेला असतो, पीएचपीला ते पुढच्या ओळीवर गेल्यावर समजतं. पान कोरं आलं तर पॅनेलवर लॉग्ज, त्यात एरर लॉग, आणि फाइलीच्या तळाशी जा. ताजी नोंद तळाला असते.

डेटाबेस

आता मायएसक्यूएल स्टार्ट करा आणि शेजारचं ॲडमिन बटण दाबा, पीएचपीमायॲडमिन उघडेल. पोर्ट बदललं असेल तर पत्त्यात ते हाताने घाला. डावीकडे ‘न्यू’, डेटाबेसचं नाव ‘मेस’, आणि शेजारच्या यादीतून ‘यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय’ निवडा. नुसतं ‘यूटीएफ८’ मराठीला पुरतं, कारण देवनागरी तीन बाइटांत बसते. पण कोणी बेतापुढे इमोजी टाकला की तो चार बाइट मागतो आणि नोंद अडकते.

‘बेत’ नावाचा तक्ता चार रकान्यांचा करा. ‘आयडी’ पूर्णांक, त्याच्यासमोर ‘ए-आय’ची खूण, म्हणजे क्रमांक आपोआप वाढतो. ‘तारीख’साठी डेट हा प्रकार. ‘पदार्थ’साठी व्हारकॅर, लांबी १००. ‘भाव’साठी डेसिमल, लांबीच्या जागी ६,२, म्हणजे एकूण सहा आकडे, त्यांतले दोन दशांशानंतर. भावाला फ्लोट वापरू नका, त्यात काही किमती तंतोतंत साठत नाहीत आणि बेरजेला पैशांचा फरक निघतो. रकान्यांची नावं इंग्रजी लिपीतच ठेवा, आतला मजकूर हवा तितका मराठी.

व्हारकॅरची लांबी बाइटांत नाही, चिन्हांत मोजली जाते. पीएचपीत मात्र सावध. ‘पुणे’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. प, उकार, ण, मात्रा अशी चिन्हं चार आणि बाइट बारा. ‘एसटीआरलेन’ हे फंक्शन बारा सांगतं, ‘एमबी एसटीआरलेन’ चार. मराठी मजकूर कापायला साधी फंक्शनं वापरली तर चिन्हाच्या मधोमध सुरी चालते आणि शेवटी काळा चौकोन उरतो. ‘एमबी’ने सुरू होणारीच वापरा.

पीएचपी डेटाबेसला जोडायला ‘मायएसक्यूएलआय’ : होस्ट लोकलहोस्ट, वापरकर्ता रूट, पासवर्ड कोरा, डेटाबेस मेस. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत ‘सेट कॅरसेट’ आणि त्यात ‘यूटीएफ८एमबी४’. ही एक ओळ राहिली की मराठीच्या जागी काहीबाही उमटू शकतं. तक्ताच लॅटिन-१ चा, म्हणजे देवनागरी नसलेल्या अक्षरसंचाचा असला, जसा जुन्या नोट्समध्ये असतो, तर भाजीच्या नावाजागी खरोखरच प्रश्नचिन्हं साठतात. ती परत मराठी होत नाहीत. तक्ता सुधारून नोंदी नव्याने भराव्या लागतात.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या जुन्या नोट्समध्ये ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ असेल तर त्या बाजूला ठेवा. ते फंक्शन २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधूनच काढून टाकलं. तुमच्याकडे ८ आहे. ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ येतं ते त्यामुळे, तुमच्या इन्स्टॉलेशनचा त्यात काही दोष नाही.

फॉर्ममधून डब्यांची संख्या घेणार असाल तर मेसच्या काकू ‘१२’ मराठी आकड्यांत टाइप करणार हे धरूनच चाला. पीएचपी त्याचा पूर्णांक करायला गेलं की शून्य येतं, चूकही दाखवत नाही. ‘एसटीआरटीआर’ या फंक्शनने आधी दहा देवनागरी आकडे इंग्रजी करून घ्या. आणि फॉर्ममधलं काहीही डेटाबेसला द्यायच्या एसक्यूएलच्या वाक्यात थेट चिकटवू नका, ‘प्रिपेअर’ वापरा.

गुरुवारची वीज

पुण्यात महावितरणची दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. लॅपटॉपला बॅटरी सांभाळून घेते. डेस्कटॉपवर मायएसक्यूएल चालू असताना वीज गेली की त्याच्या फाइली अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात आणि पुढच्या वेळी ‘शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ अशी लाल ओळ येते. युपीएस नसेल तर काम संपताच दोन्ही स्टॉप करा आणि मग क्विट दाबा. कोपऱ्यातली फुली पॅनेल फक्त लपवते.

ती ओळ आलीच तर आधी ३३०६ मोकळा आहे ना ते बघा, बऱ्याचदा कारण तेवढंच असतं. पोर्ट मोकळा असूनही अडलं तर झॅम्पच्या मायएसक्यूएल फोल्डरमधल्या ‘डेटा’चं नाव ‘डेटा-जुना’ करा. शेजारच्या ‘बॅकअप’ची नक्कल करून तिला ‘डेटा’ नाव द्या. मग जुन्यातून तुमच्या डेटाबेसचे फोल्डर, इथे ‘मेस’, आणि ‘आयबीडेटा१’ ही फाइल नव्यात आणा. ‘मायएसक्यूएल’, ‘परफॉर्मन्स स्कीमा’ आणि ‘पीएचपीमायॲडमिन’ हे तीन फोल्डर आणू नका. ‘आयबीडेटा१ उडवा, लगेच चालू होईल’ असा सल्ला सर्रास मिळतो. चालू होतं, पण तक्ते उघडत नाहीत, कारण त्यांचा हिशोब त्या फाइलीत असतो. पीएचपीमायॲडमिनमधून आठवड्याला एकदा एक्स्पोर्ट करून ती एसक्यूएल फाइल पेनड्राइव्हवर ठेवलीत तर यातलं काहीच करावं लागणार नाही.

कोडसाठी गिट टाका. व्हीएस कोडच्या डावीकडच्या सोर्स कंट्रोलमध्ये ‘इनिशलाइझ रिपॉझिटरी’, मग संदेश लिहून कमिट. पहिल्यांदा ते तुमचं नाव आणि ईमेल टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, नोंदवायला लावतं. ते एकदाच.

फोनवर बघायचं तर

मेसचं पान लोक फोनवरच बघणार. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर घ्या, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आयपीव्ही४ पत्ता दिसेल. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, तिरकी रेघ, मेस. येत नसेल तर विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं आहे का बघा. तेही ठीक असेल तर पीजीचा राउटर एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू देत नसावा. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर जोडा आणि पत्ता पुन्हा बघा, तो बदललेला असतो.

नोड इतक्यात नको. जावास्क्रिप्टची एखादी फ्रेमवर्क शिकायला घ्याल त्या दिवशी एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती टाका आणि टाकल्यावर उघडी टर्मिनलं बंद करून नवं उघडा, नाहीतर ‘नोड सापडत नाही’ असंच उत्तर येईल. नोडसोबत येणाऱ्या एनपीएमने ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ म्हटलं तर नोड बिघडलेलं नाही. तुम्ही पॉवरशेलमध्ये आहात आणि ते स्क्रिप्ट चालवू देत नाही. व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये अधिकच्या चिन्हाशेजारच्या बाणातून कमांड प्रॉम्प्ट निवडा आणि तीच आज्ञा तिथे द्या.